ऊन वसूल होईपर्यंत

४ फेब्रुवारी, बुधवार

एकतीस वर्षं बस चालवली आणि एकतीस वर्षं रोज डेपोत पत्रक भरलं. किती फेऱ्या, किती किलोमीटर, कुठे काय बिघडलं. निवृत्त होऊन नऊ दिवस झाले आणि हाताला चैन नाही, म्हणून ही वही. आजची नोंद: फेऱ्या शून्य, किलोमीटर शून्य, मोठं काम एक.

ते काम म्हणजे मी आज छतावर सोलर पॅनेल बसवायच्या करारावर सही केली. निवृत्तीची रक्कम सोमवारीच खात्यात आली होती. सकाळी पॅनेलवाला दारात आला. पन्नाशीचा गृहस्थ, पायात पॉलिश केलेले बूट. छतावर चढला, दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, इथे नुसतं ऊन वाया चाललंय." एकतीस वर्षांत मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. अर्धी सही तिथेच झाली. बाकीची त्याने खाली येऊन कागदावर करून घेतली. खर्च एक लाख ऐंशी हजार, पाच वर्षांत वसूल, पुढची वीस वर्षं वीज फुकट.

ही तेव्हा घरी नव्हती. अस्तराचं कापड आणायला जाते म्हणून गेली होती. पुढच्या खोलीत तिची शिलाईची दोन मशिनं आहेत, सगळ्या गल्लीचे कपडे तिच्याकडे येतात. ती परत आल्यावर मी बातमी दिली. तिने किती म्हणून विचारलं, मी आकडा सांगितला. सही झाली का म्हणून विचारलं, झाली म्हटलं. ती बरं म्हणाली आणि मशिनवर बसली.

मला वाटतं तिला आवडलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आवडलेलं नाही. बोलते आहे, पण बसस्टँडवरच्या घोषणेसारखं. पाणी तापलंय. दार लावून घ्या. पुढे काही नाही.

दुपारी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी शाळेत विज्ञान शिकवते. पॅनेलचं ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला, तो विज्ञानाचा नव्हता. आईला विचारलं होतंत का, म्हणाली. मी म्हटलं, चांगल्या गोष्टीला काय विचारायचं. ती मग म्हणाली, "बाबा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचं काय?"

कुठलं दुकान ते मला आठवेना. मग तिनेच सांगितलं. कोपऱ्यावरचा चपलांचा दुकानदार कधीचा दुकान सोडणार होता, आता सोडलं. बाबांचे पैसे आले की ती जागा घ्यायची, कापड बेतायला मोठं टेबल ठेवायचं, बाहेर पाटी लावायची, असं ही तीन वर्षं म्हणत होती. तीन वर्षं. काहीतरी बोलायची खरं. पण ड्रायव्हरला एक सवय लागते. मागे पन्नास जणं बोलत असतात, कानावर सगळं पडतं, आणि नजर मात्र समोर.

मी तडक हिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, करार रद्द करता येईल, दंड बसेल थोडा, बसू दे. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "त्या दुकानात ओल आहे. मी बघून आले. कापड खराब होईल तिथे."

म्हणजे प्रश्नच मिटला. डोक्यावरचं ओझं उतरलं. संध्याकाळी दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

१५ फेब्रुवारी, रविवार

पॅनेल बसली. सहा आहेत, निळीशार. पाण्याच्या टाकीशेजारी अशी ऐटीत तिरकी उभी आहेत, जशी काही टाकीच त्यांच्याकडे कामाला आहे.

तारा जोडायला कंपनीची वायरमन बाई आली होती. कमरेला हत्यारांचा पट्टा, तोंडात लवंग. मी तिला हौसेने म्हटलं, पाच वर्षांत वसूल. तिने पक्कड बाजूला ठेवली. म्हणाली, काका, तुम्ही वीज वापरता कधी? मी म्हटलं, सगळे वापरतात तेव्हाच, दिवेलागणीनंतर. ती म्हणाली, "मग पाच कशी होतील?"

तिने समजावलं ते असं. दुपारी पॅनेल वीज करतात तेव्हा आमच्या घरात एक पंखा आणि शिलाईची मोटर. उरलेली सगळी वीज बाहेर जाते आणि वीज कंपनी तिचे युनिटला तीन रुपये देते. संध्याकाळी आम्ही तीच वीज आठला परत विकत घेतो. पॅनेलवाल्याने प्रत्येक युनिट आठच्या भावाने धरून पाच वर्षं काढली होती. खोटं म्हणता येत नाही, पण खरंही नाही. टायरमधली हवा काढून घेतली की गाडी कशी बसते, तसा मी पायरीवर बसलो.

लेकीला जुनी बिलं वाचून दाखवली. तिने हिशेब करून सांगितलं, नऊ वर्षं आठ महिने. मी आत्ता साठ. म्हणजे सत्तरीला चार महिने कमी असताना मी फायद्यात येणार. वडील सहासष्टाव्या वर्षी गेले. त्यांच्यावर गेलो तर माझ्यामागे ही पॅनेल साडेतीन वर्षं नुसती खर्चच भरून काढत बसतील.

हिला हे सांगायचा धीर झाला नाही. तिने जेवताना विचारलं, तेव्हा पाचच वर्षं म्हणालो. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि आणखी भाजी वाढली.

२ मार्च, सोमवार

दुहेरी मीटर अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत जास्तीची वीज बाहेर जाते, पण तिची नोंद कुठेच होत नाही. म्हणजे भरलेली बस चालली आहे आणि तिकीट कोणीच फाडत नाही. वीज कार्यालयात चौथी फेरी झाली. तिथल्या बाईंनी आज फाइल शोधून काढली. तिसऱ्या पानावर माझी सही राहिली होती. ज्या माणसाने न वाचता बाकी सगळीकडे सह्या केल्या, त्याची नेमकी तिथेच राहावी.

९ मार्च, सोमवार

मीटर बसलं. सकाळपासून अकरा वेळा बघून आलो. शेजारच्या वहिनींनी हिला विचारलं म्हणे, छतावर काही पाळलंय का.

हिचा उजवा खांदा धरला आहे. शिवायला बसता येतं, पण इस्त्री दाबता येत नाही म्हणाली. आजवर शिवून झालेले कपडे ती शेवटच्या इस्त्रीला बाहेर टाकत होती. तोही खर्च आणि हेलपाटे. तर तुम्ही करून बघाल का, असं तिने विचारलं. दुपारी बारा ते दोन करा म्हणाली, भरपूर उजेडात चुण्या नीट दिसतात.

पहिल्या शर्टाची कॉलर तपकिरी झाली. तिने ती उसवून नवी लावली आणि कपाळावर आठीसुद्धा घातली नाही. उलट म्हणाली, तुमचा हात जड आहे, इस्त्रीला असाच लागतो. स्टिअरिंगचा हात आहे, जड असणारच.

२८ मार्च, शनिवार

आज मी खूश आहे. पहिलं बिल आलं. लेकीने आकडे बघितले आणि सांगितलं, की हीच चाल राहिली तर साडेसात वर्षं. दोन वर्षांवर दोन महिने कमी झाले, एका महिन्यात.

याचं कारण मला ठाऊक आहे. मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पॅनेल पुसतो. आधी ओलं, मग कोरडं, कोपरे जुन्या दाढीच्या ब्रशने. धुळीने किती वीज जाते याची लोकांना कल्पना नाही. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, हो बाबा, फडक्यामुळेच. तिच्या आवाजात जरा खोकल्यासारखं काही होतं. हवा बदलते आहे तिकडे.

घरात बाकी विशेष नाही. हल्ली ही कपडे धुवायचं मशिन अकराला लावते, पाण्याचा पंप साडेबाराला. पूर्वी दोन्ही संध्याकाळी असायचं. वय वाढलं की माणसाच्या वेळा बदलतात. मी कारण विचारलं तर म्हणाली, संध्याकाळी मोकळं बरं वाटतं. आता संध्याकाळी आम्ही दोघं गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतो.

खांद्याचं मलम चांगलं दिसतंय. आज टेम्पोवाल्याने कापडाचा गठ्ठा दारात टाकला आणि तो पुढे निघाला, तर हिने मला हाक न मारता गठ्ठा उचलून खांद्यावर घेतला आणि आत नेला. उजव्याच खांद्यावर. इस्त्रीला मात्र अजून त्रास होतो म्हणाली. दुखण्याचे प्रकार असतात.

१४ एप्रिल, मंगळवार

पेनची रिफिल संपली. कोपऱ्यावरच्या त्या दुकानात आता वह्यापुस्तकांचं दुकान निघालं आहे, म्हणून तिथे गेलो. सगळीकडे कागदाचे गठ्ठे. मी सहज म्हटलं, इतका कागद, ओलीचा त्रास नाही का? जागेचा मालक तिथेच स्टुलावर बसला होता. त्याने भिंतीवर थाप मारली. ओल कसली, म्हणाला, ठणठणीत कोरडी जागा आहे. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुम्ही शिवणवाल्या बाईंचे ना? त्या तीनदा येऊन गेल्या. शेवटच्या वेळी मोजपट्टी घेऊन आल्या होत्या. टेबल कुठे बसेल ते खडूनं आखून गेल्या. उद्या आगाऊ रक्कम आणते म्हणाल्या, मग आल्याच नाहीत."

मी तारीख विचारली. त्याला नीट आठवत होती, कारण त्याच दिवशी त्याने मागच्या दुकानदाराकडून किल्ली घेतली होती. चार फेब्रुवारी.

त्या दिवशी ही अस्तर आणायला गेली नव्हती. मी घरात सही करत होतो आणि ही तिथे जमिनीवर खडूने टेबल काढत होती.

घरी गेलो नाही. बसथांब्यावर बसून राहिलो. तीन बस गेल्या. तिसऱ्या बसच्या ड्रायव्हरने ओळखून हात केला, काका येताय का म्हणाला. कुठे जाणार.

१५ एप्रिल, बुधवार

काल दुपारी घरी पोचलो तेव्हा ती बाह्या जोडत होती. मी समोरच्या स्टुलावर बसलो आणि सगळं एका दमात सांगितलं. पाच वर्षं नाहीत, नऊ वर्षं आठ महिने होती. दोन महिने तुझ्याशी खोटं बोललो. दुकान कोरडं आहे, मालक भेटला.

तिने मशिन थांबवलं. म्हणाली, "नऊ वर्षं आठ महिने मला त्याच दिवशी कळलं होतं. लेकीनं तुमच्या आधी मला सांगितलं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुमचं तोंड बघून. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही सकाळी उठून कशाला तरी लागला होतात."

मी म्हटलं, दुकान गेलं त्याचा राग असेलच तुला.

"दुकानाचा नाही. दुकानं मिळतात," ती म्हणाली. "तुम्ही मला येऊन सांगितलंत. विचारलं नाहीत. चौतीस वर्षांच्या संसारात मी एक टाचणी आणली तरी तुम्हाला विचारते, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर छप्पर भरून वस्तू आणलीत."

चुकलो म्हटलं. हा शब्द मी डेपो मॅनेजरपुढेही कधी काढला नव्हता. ती थोडा वेळ सुईत दोरा ओवत बसली. चष्मा असून तिला तो ओवता येईना. मग मीच ओवून दिला.

राग गेला का, असं विचारलं. अजून आहे थोडा, म्हणाली, जाईल. आणि मग, अगदी नेहमीच्या आवाजात, इस्त्री तापत ठेवा, सव्वाबारा वाजले.

२ मे, शनिवार

चार दिवस आभाळ भरून आलं आहे. पॅनेल निम्म्यावर. आम्ही दोघं पाळीपाळीने खिडकीतून वर बघतो. शेवटी तिने मशिनवर कापड पांघरलं आणि पत्ते काढले. सात डाव हरलो. इतकी वर्षं ही खेळताना पत्ते मोजते हे मला माहीत नव्हतं.

१९ मे, मंगळवार

एका शाळेच्या दीडशे गणवेशांचं काम आलं आहे. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मी एका कोपऱ्यात इस्त्री करतो आणि वळायचं असलं की हॉर्न दिल्यासारखं खाकरतो.

आज सकाळी गवंडी दारात आला. मी म्हटलं, घर चुकलात. तो म्हणाला, नाही, बाईंनी बोलावलंय. ही आतून पट्टी घेऊन आली. पुढच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी खालपर्यंत फोडायची, तिथे शटर लावायचं, भिंतीलगत सहा फुटांचं टेबल, आणि माझी आरामखुर्ची छतावर. सगळं ठरलेलं होतं. गणवेशांच्या आगाऊ रकमेतून गवंड्याचे पैसेही देऊन झाले होते. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

मी एकदा तोंड उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं आणि खुर्ची वर नेऊन ठेवली.

खुर्ची पॅनेलच्या सावलीत छान बसते, हेही लिहून ठेवतो.

७ जून, रविवार

दुकान सुरू झालं. उद्घाटन वगैरे काही नाही, शटर वर केलं आणि कामाला बसलो. पाटी रंगवणाऱ्याने सकाळी पाटी आणून लावली. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि वाचली. कपडे शिवून आणि इस्त्री करून मिळतील. शिवून मोठ्या अक्षरांत, इस्त्री थोडी लहान. पण आहे.

संध्याकाळपर्यंत अकरा माणसं आली. एकाने मला अहो इस्त्रीवाले म्हणून हाक मारली. मी लगेच ओ दिली.

३० जून, मंगळवार

लेक चार दिवसांची रजा काढून आली आहे. आज आम्ही तिघं टेबलाशी बसून हिशेब करत होतो. मी म्हटलं, बाहेरच्या लोकांचे कपडे मी इस्त्री करतो, त्याचे पैसे धरले तर वसुली साडेपाच वर्षांवर येते, म्हणजे पॅनेलवाला फारसा चुकला नाही. लेकीने वही ओढून घेतली आणि त्यावर काट मारली. म्हणाली, ती कमाई उन्हाची नाही बाबा, तुमच्या हाताची आहे. दोन्ही एकत्र केलं तर हिशेब कसला.

मी तिला विचारलं, मग माझ्या हाताची मजुरी किती धरायची? तर ही मशिनवरून म्हणाली, "काही धरू नकोस. शिकाऊ आहेत अजून."

तर ठरलं ते असं. वर्षाच्या सरासरीने सात वर्षं आणि चार-पाच महिने. मी सदुसष्टाचा असेन. वडिलांच्या पुढे दीड वर्ष. मला हा आकडा आवडला आहे. तेवढं जगायला काही हरकत नाही, गणवेश दर वर्षी लागतातच.

लेकीने मला शेवटी तो फडक्याचा प्रश्नही समजावायचा प्रयत्न केला. तिच्या आईने दुपारी लावलेलं मशिन, पंप, इस्त्री, त्याने किती फरक पडला वगैरे. मी ऐकून घेतलं. पडत असेल. पण धूळ ती धूळ.

४ ऑगस्ट, मंगळवार

आज दुकानात शिट्टी आला. शिट्टी म्हणजे माझा कंडक्टर, चौदा वर्षं आम्ही एका गाडीवर होतो. पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. आत शिरताना शटरच्या खिळ्याला अडकून त्याची पँट गुडघ्यापासून खालपर्यंत फाटली. हिने त्याला पडद्यामागे पाठवलं, कमरेला गुंडाळायला चादर दिली आणि पँट मशिनवर घेतली. तो चादरीत स्टुलावर बसला. आता पँट मिळेपर्यंत तो कुठे जाणार नव्हता, म्हणून मी त्याला मीटर, युनिट, तीनचा भाव, आठचा भाव, सगळं सांगितलं. इतका वेळ त्याने माझं कधी ऐकलं नव्हतं.

त्याच्याकडेही तो पॉलिशच्या बुटांचा पॅनेलवाला येऊन गेला आहे. उद्या सकाळी सहीला येणार. पाच वर्षांत वसूल म्हणतो, खरं का, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, "तुझ्या घरी दुपारी कोण असतं?"

"बायको असते. तिची ती पुस्तकं बांधायची कामं चालू असतात."

"तिला दाखवलास का कागद?"

तो म्हणाला, तिला कशाला त्रास, सही झाली की सांगेन. हिची मोटर जागच्या जागी थांबली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

पँट शिवून झाली होती. तिने ती माझ्याकडे इस्त्रीला दिली. मी सावकाश इस्त्री केली, घडी घातली आणि माझ्या बाजूला टेबलावर ठेवून त्यावर हात ठेवला. शिट्टीने हात पुढे केला. मी म्हटलं, उद्या पॅनेलवाल्याला नको म्हणून सांगायचं, आणि बायकोला घेऊन इथे यायचं. काय ते ती आमच्या हिला विचारेल. तो म्हणाला, वेडा झालास का, पँट दे. मी हात काढला नाही. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही बघायला लागली. चादर सावरत त्याने एकदा दाराकडे बघितलं, एकदा हिच्याकडे. ही मान खाली घालून गुंडी लावत होती आणि तिचे खांदे हलत होते.

शेवटी त्याने फोन काढला आणि माझ्यासमोर बायकोला लावला. उद्या एका ठिकाणी जायचंय म्हणाला. ती काय म्हणाली कोण जाणे, तो बराच वेळ नुसता हो हो करत होता.

उद्या दोघं येणार आहेत. बाराला या म्हटलंय. तेव्हा ऊन चांगलं असतं.